खारजाईचा पंखा

रोह्याशेजारच्या अष्टमी गावात, पुलापासून तिसऱ्या घरात पाहुणा आला की त्याची बसायची पंचाईत व्हायची. खुर्च्या नव्हत्या असं नाही, चांगल्या चार होत्या. पण दोन खुर्च्यांवर पंखे मांडलेले, तिसरीच्या पाठीला काठ्या टेकलेल्या, आणि चौथी खुर्ची स्वतःच लिलावातून आलेली, तेव्हा तिच्यावर बसायला मनाई! पाहुणा बिचारा उंबरठ्यावर टेकायचा, चहा प्यायचा आणि पुन्हा यायचं नाव काढायचा नाही.

हे घर दत्तात्रेय मळेकरांचं. रोहा डेपोतून एस.टी.चे कंट्रोलर म्हणून ते निवृत्त झाले, त्याला आता दोन वर्षं झाली होती. कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड व्हायला अजून अवकाश होता, तेव्हाची ही गोष्ट. माणूस सरळ, निर्व्यसनी, तोंडात सुपारीसुद्धा नाही. पण प्रत्येकाला काहीतरी खूळ असतंच की नाही? दत्ताभाऊंना लिलावाचं खूळ होतं. घरात सत्तावीस काठ्या. एकीच्या मुठीला कुत्र्याचं तोंड, एकीची मूठ फिरवली की आत अत्तराची कुपी, आणि एक तर साक्षात गुप्ती, काळ्याभोर शिसवीची, चांदीच्या मुठीची, खेचली की आतून हातभर पातं बाहेर येणारी. शिवाय दहा पंखे. पदकं तर बिस्किटांचा डबा भरून. त्यातलं एकही दत्ताभाऊंनी मिळवलेलं नाही. कुणी गोऱ्या शिपायाचं, कुणी पोहणाऱ्याचं, आणि एक पदक तर कुठल्याशा कृषी प्रदर्शनात कुणाच्या तरी बैलाला मिळालेलं!

"अहो, दोन्ही पाय धड असलेल्या माणसाला सत्तावीस काठ्या लागतात कशाला?" रंभाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, महिन्यातून एकदा तरी विचारायच्या.

"तुला नाय कळायचं त्यातलं," असं म्हणून दत्ताभाऊ फडकं घेऊन कुत्र्याचं तोंड पुसायला लागायचे.

पेणला कोर्टातला जप्तीचा लिलाव असो, कुणा वारलेल्या वकिलाचं सामान निघो, नाहीतर मुंबईत एखादा जुना बंगला रिकामा होवो, दत्ताभाऊ हजर. आणि बोली बोलावी तर त्यांनीच. जी वस्तू पाहिजे तिच्याकडे बघायचंच नाही, छताकडे बघायचं, ही त्यांची पहिली रीत. शेवटचा आकडा ओरडून न सांगता चहा मागितल्यासारखा हळू सांगायचा, ही दुसरी. समोरचा गार पडतो! चीड त्यांना एकाच गोष्टीची होती. मुंबईचे व्यापारी आधीच आपसांत ठरवून यायचे, एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी मूग गिळून बसायचं. "चोर लेकाचे!" दत्ताभाऊ घरी येऊन तणतणायचे. "लिलाव म्हणजे उघड्या तोंडाचा व्यवहार. तिथं कसलं आलंय साटंलोटं?"

खरं सांगायचं तर ह्या खुळाला निवृत्तीनंतर जरा जास्तच जोर चढला होता. डेपोच्या खिडकीत बसायचे तेव्हा अख्खा तालुका त्यांना विचारायचा, पेण कधी, अलिबाग कधी, नागोठणं कधी. आता कुणी काही विचारत नव्हतं. ते त्यांना लागायचं, पण बोलून दाखवायचे नाहीत.

फाल्गुनात एके दिवशी सखा कंडक्टर भेटला. सखा त्यांच्या हाताखालचा, पेणजवळच्या गडब गावाच्या खाडीकडच्या अंगाला खारआळी म्हणून वस्ती आहे तिथला. मिठागरात राबणाऱ्यांची वस्ती. डेपोसमोर चहा पिता पिता तो सहज म्हणाला, "साहेब, आमच्या खारजाईचा पंखा बघितलाव तर जेवन गोड नाय लागायचं तुमाला."

"कसला पंखा?"

"चंदनाचा दांडा, चांदीची वळी, वरती पिवळं रेशीम आनि त्याच्यावर उडतं बगळं. धरमतरच्या चिखलात परदेशी गलबत रुतलं हुतं म्हनं, माझ्या पणज्याच्या पणज्याच्या येळंला. कप्तान खारजाईला नवस बोलला, भरतीला गलबत सुटलं, तवा त्यानं बायकोसाठी घेतलेला पंखा देवीला देऊन टाकला. बायकोला काय थाप मारली ती देवीलाच ठावं!"

दत्ताभाऊंचा चहा हातातच राहिला. "विकतील का रे?"

"इकतील कशाला? चैत्री पुनवंला जत्रा असती, तवा लिलाव असतो."

"साधारण कितीला जाईल?"

"सव्वा रुपया. त्याच्यावर कोन बोलतच नाय."

सव्वा रुपया! दत्ताभाऊंना रात्रभर झोप नाही. चिनी रेशीम, चंदन, चांदी, आणि गावकरी सव्वा रुपयाला देतात! सखानं एक गोष्ट मात्र सांगितली नव्हती. लपवायची म्हणून नव्हे. खारआळीत ती शेंबड्या पोरालाही ठाऊक, त्यामुळे ती सांगावी लागते हेच त्याच्या डोक्यात आलं नाही.

चैत्री पौर्णिमेला दत्ताभाऊ इस्त्रीचा सदरा घालून, पिशवीत रद्दी आणि सुतळी घेऊन खारआळीला गेले. पालखी देवळात परतली आणि चारच्या सुमारास पिंपळाखाली लिलाव सुरू झाला. बोली पुकारायला मोरू पाटील, ह्या गड्याचा आवाज असा की खाडीपलीकडे ऐकू जावा. मानाचा नारळ एकतीसला गेला. देवीचं हिरवं लुगडं पंचेचाळीसला. एक भोपळा, दोन कोंबडे. जो तो हसत, एकमेकांची उणीदुणी काढत बोली चढवत होता.

मग मोरू पाटलानं पंखा वर धरला. उन्हात पिवळं रेशीम असं काही झळकलं की दत्ताभाऊंनी चटकन पिंपळाच्या शेंड्याकडे नजर लावली.

"देवीचा पंखा," मोरू म्हणाला, आणि सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या. खांबापाशी साठीची एक बुटकी बाई उभी होती. टाचा मिठानं फुटलेल्या, लुगडं धुऊन धुऊन विटलेलं. ही काशीबाई. तिनं कमरेची गाठ चाचपली आणि म्हणाली, "सव्वा रुपया."

लोक कपडे झटकत उठायलाच लागले.

"एक वार, दोन वार..."

"पाच," दत्ताभाऊ पिंपळाला म्हणाले.

उठलेले लोक उभ्याचे उभे राहिले. काशीबाईनं वळून पाहिलं. "सव्वा पाच," ती म्हणाली.

"अकरा."

आता तिनं गाठ सोडली, आत बघितलं, पुन्हा बांधली. "साडेअकरा."

दत्ताभाऊंनी आपली ठेवणीतली रीत काढली. अगदी हळू, चहा मागावा तसं म्हणाले, "एकशे एक."

पिंपळाखाली चिडीचूप. दत्ताभाऊंना वाटलं, गावकरी त्यांच्या दिलदारीनं गार पडले. मोरू पाटलानं काशीबाईकडे बघितलं, म्हाताऱ्या मंडळींकडे बघितलं, देवीकडे बघितलं. शेवटी त्यानं कसंबसं "तीन वार" म्हटलं, कुणीतरी दत्ताभाऊंच्या कपाळाला गुलाल फासला, आणि दत्ताभाऊंनी पिशवीतून रद्दी आणि सुतळी काढली.

"ह्ये काय?" मोरूनं विचारलं.

"बांधून घेतो. पावणेसहाची गाडी गाठायची आहे."

"काय बांधून घेताव?"

"पंखा."

आधी एक बाई हसली, मग दुसरी, मग सगळा पिंपळ हसायला लागला. मोरूनं हात वर करून त्यांना गप्प केलं. "कंट्रोलरसाहेब, तुमी पंखा नाय घेतलाव, पंख्याचा मान घेतलाव. पंखा देवीचा, तो देवळातच र्‍हानार. आता सालभर दर मंगळवारी आरतीच्या येळंला यायचं आनि देवीला वारा घालायचा. आमची देवी मिठागरात सापडलेली हाय. तिला उकाडा सोसत नाय."

दत्ताभाऊंच्या तोंडचं पाणीच पळालं. "अहो, मला हे कुणी सांगितलं नाही!"

"ह्यात सांगायचं काय?" मोरूला खरोखरच कळेना.

"मग मान परत घ्या. ह्या बाईंना द्या."

"देवीच्या पुढ्यात बोललेलं परत कसं घ्यायचं? बोली ज्याची, हात त्याचा. आता पुढल्या चैत्री पुनवंला सुटाल."

दत्ताभाऊ मनातून पेटले होते. एकशे एक रुपये देवीला दिले असं समजायचं आणि पुन्हा ह्या वस्तीचं तोंड बघायचं नाही, असं ठरवून त्यांनी रद्दीची घडी केली. तेवढ्यात काशीबाई पुढं आली. ती रागावली नव्हती, रडलीही नव्हती.

"मंगळवारी येशील ना रं? नाय आलास तर देवी वाऱ्याबिगर बसंल," ती म्हणाली आणि निघून गेली.

गडबच्या थांब्यावर गाडीची वाट बघताना सखानं खाली मान घालून सगळं सांगितलं. काशीबाईचा नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नाही. आठवडाभर ती मिठागरात लाकडी फळीनं मीठ ओढते, कुणीही यावं, "ए काशे" म्हणून हाक मारावी. पण मंगळवारी ती देवीच्या शेजारी बसते. पाटील असो की पुढारी, देवीपुढं वाकला की तिच्याही पुढं वाकतो. त्या दिवशी तिला कुणी काशे म्हणत नाही. एकोणीस वर्षं हे चाललं होतं.

"आधी नाही सांगायचंस गाढवा?" दत्ताभाऊ ओरडले.

"मला वाटलं, तुमाला मान पायजे हाय," सखा म्हणाला.

घरी रंभाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, कपाळावरचा गुलाल बघितला आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की शेजारीण डोकावून गेली. मग एकदम गंभीर झाल्या. "त्या बाईच्या पोटावर पाय दिला असता तरी बरं होतं. तुम्ही तिची जागाच घेतलीत."

दत्ताभाऊ मंगळवारी दुपारीच जाऊन गाडीत बसले.

पहिल्या मंगळवारी त्यांनी असा काही पंखा मारला की समई विझली. बायका खुसखुसल्या. दुसऱ्या मंगळवारी पाचव्याच मिनिटाला खांदा भरून आला. वारा देवीला कमी आणि पुजाऱ्याच्या डोळ्यांत कापराचा धूर जास्त! खांबाआडून आवाज आला, "खांद्यानं नाय रं, मनगटानं. झोपल्या पोराला घालतात तसा."

दत्ताभाऊंनी मनगटानं घातला. समई शांत राहिली, देवीच्या नथीतला मोती हलका हलला. "हां, असा," खांबाआडून काशीबाई म्हणाली.

मग ती दर मंगळवारी खांबाआड बसायची आणि दत्ताभाऊंच्या चुका काढायची. सावकाश कर. तोंडावर नको, जरा बाजूनं. आरती संपली म्हनून लगेच थांबू नको, लोकं गेल्यावर देवीला जास्त उकडतं. दत्ताभाऊ तीस वर्षं ड्रायव्हर-कंडक्टरांना फैलावर घेणारे, पण इथं मुकाट ऐकायचे. रेशमाला धूर लागतो म्हणून त्यांनी घरून मलमलची पिशवी शिवून आणली, तर काशीबाई म्हणाली, "देवीच्या धुराचं कसलं पथ्य? खुळाच हायस." पण पिशवी खुंटीला तिनंच टांगली.

एकदा देवळात कुणी नव्हतं. दत्ताभाऊंनी पंखा तिच्यापुढं धरला. "घे, थोडा वेळ तू घाल. कोण बघतंय?"

"देवी बघती ना. बोली तुझी हाय," ती म्हणाली आणि हात मागं घेतला. पण ते पुन्हा वारा घालायला लागले तेव्हा त्यांना दिसलं, तिचं रिकामं मनगट मांडीवर त्यांच्या पंख्याबरोबर हलत होतं. तिला ते कळतसुद्धा नव्हतं.

एक मात्र खरं, आणि ते त्यांनी रंभाबाईंनासुद्धा सांगितलं नाही. त्यांना ती जागा आवडायला लागली होती. बायका पोरांची डोकी पंख्याच्या वाऱ्याखाली धरायच्या. म्हातारे विचारायचे, कंट्रोलर, उद्या अलिबागची पहिली गाडी कितीला? आणि दत्ताभाऊ वारा घालता घालता वेळापत्रक सांगायचे. श्रावणात मुंबईत एका पारशी बंगल्याचा लिलाव निघाला. चाळीस काठ्या, त्यातल्या सहा हस्तिदंती मुठीच्या. नेमका मंगळवार. दत्ताभाऊ खारआळीला गेले. रंभाबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

दिवस भराभर गेले. होळी झाली, आणि सखा एक बातमी घेऊन आला.

"साहेब, पेनचा महिपती कंत्राटदार ह्या साली पंख्यावर बोलनार. अडीचशेपर्यंत जाईन म्हनतो. गडबचं दोगं पन तयार हायती. तुमी एकशे एक बोललाव ना, आता पंख्याला भाव आला. काशीआत्याचं सव्वा रुपयात काय भागनार?"

दत्ताभाऊ मटकन खाली बसले, आणि तेही मनाई असलेल्या खुर्चीवर. त्यांना वाटत होतं, वर्षभर वारा घातला की चूक फिटली, पौर्णिमेला आपण गप्प बसलो की झालं. पण एकोणीस वर्षं त्या पंख्यावर कुणी बोललं नाही ते काय गावाला अक्कल नव्हती म्हणून? गावानं ठरवलं होतं! कुणी कुणाला न सांगता अख्ख्या वस्तीनं एका बाईसाठी साटंलोटं केलं होतं. आणि त्या साट्यालोट्यात ह्या शहाण्यानं जाऊन तंगडी घातली.

"मग आता पुन्हा करू," ते उठत म्हणाले.

पुढचा महिनाभर दत्ताभाऊ दारोदार फिरले. आयुष्यभर ज्या गोष्टीला शिव्या घातल्या तीच करत फिरले. खारआळीतलं एक घर सोडलं नाही. सगळे म्हणाले, आमी कुटं बोलत हुतो, तुमीच बोललाव. ते ऐकून घेतलं. गडबच्या दोघांना देवीची शपथ घातली. राहिला महिपती. गप्प बसायचं काय देता ते बघायला तो पेणहून मोटारीनं अष्टमीला आला, घरभर हिंडला, प्रत्येक काठी उचलून आरशात बघून आला आणि शिसवीच्या गुप्तीपाशी थांबला.

"ही द्या. मग मी तोंड उघडायचा नाय."

दत्ताभाऊंचा चेहरा बघवेना. ती गुप्ती मिळवायला त्यांनी पेणच्या कोर्टात दोन दिवस उपाशी काढले होते. ते काही बोलायच्या आत रंभाबाई उठल्या, त्यांनी गुप्ती रद्दीत गुंडाळली, सुतळी बांधली आणि महिपतीच्या हातात दिली. "पण देवळात येऊन दिलेला शब्द पाळा हो," त्या म्हणाल्या.

काशीबाईला ह्यातलं काहीच कुणी सांगितलं नव्हतं.

चैत्री पौर्णिमेला पिंपळाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. रंभाबाईसुद्धा आल्या होत्या. महिपती पुढच्या रांगेत, गुप्ती दोन गुडघ्यांत उभी धरून बसलेला. नारळ गेला, लुगडं गेलं. मोरू पाटलानं पंखा वर धरला.

"सव्वा रुपया," काशीबाई म्हणाली.

सगळं गाव मुकं झालं. महिपतीचे ओठ एकदा हलले, तसा रंभाबाईंनी मागून घसा खाकरला आणि ते मिटले. दत्ताभाऊंनी तर स्वतःच्या तोंडावर रुमालच धरला होता. मोरूचा आवाज आनंदानं कापायला लागला. "एक वार! दोन वार!"

"थांब रं!" काशीबाई ओरडली.

मोरू थांबला.

ती खांब सोडून पुढं आली, आणि एकेका तोंडाकडे बघत वळली. "कोनच कसं बोलत नाय? जत्रंला आलाव का मयताला? देवीच्या पंख्याला सव्वा रुपया बोलायला लाज नाय वाटत?"

"काशे, अगो, तुजंच सव्वा रुपया हाय," मोरू दबक्या आवाजात म्हणाला.

"ठावं हाय मला. तुमी सगळ्यांनी मिळून काय केलंय ते पन कळलं." तिनं कमरेची गाठ मुठीत धरली. "सालभर मीठ ओढलंय मी ह्याच्यासाठी. दोन येळंचं जेवन एक येळ केलंय. गेल्या साली सगळ्यांदेखत हरले. आता फुकटचा नको मला, सगळ्यांदेखत जिंकूनच पायजे. बोल रं कंट्रोलर! वर्स झालं वाट बघतंय मी. बोल!"

दत्ताभाऊंच्या हातातला रुमाल गळाला. सगळा पिंपळ आता त्यांच्याकडे बघत होता. इतके लिलाव केले, पण असली पाळी कधी आली नव्हती. लगेच हरावं तर ती म्हणेल, दया केली. फार ताणावं तर तिची गाठ रिकामी होईल आणि मान पुन्हा आपल्याच गळ्यात. गाठीत किती आहेत कुणास ठाऊक! त्यांची पाचावर धारण बसली.

"पाच," ते म्हणाले. आवाज फाटका निघाला.

"धा!" काशीबाई कडाडली.

"पंधरा."

"ईस!"

लोकांच्या अंगात वारं शिरलं. कुणी शिट्टी मारली. "सोडू नको गो काशीआत्या!" बायका ओरडायला लागल्या. तीस झाले, चाळीस झाले. दत्ताभाऊ आज पिंपळाकडे बघत नव्हते, तिच्या मुठीकडे बघत होते. माणूस शेवटच्या बोलीआधी पैशाकडे बघतो, एवढं त्यांना इतक्या लिलावांनी शिकवलं होतं. काशीबाईनं अजून बघितलं नव्हतं.

"पन्नास."

"पंचावन!"

"साठ," दत्ताभाऊ म्हणाले. रंभाबाईंनी डोळे मिटून घेतले.

काशीबाईनं खाली बघितलं. गाठ बोटांनी चाचपली, ओठांत काहीतरी पुटपुटली. मग मान वर केली. "पासष्ट," ती म्हणाली, आणि ह्या वेळी ओरडून नाही म्हणाली.

आता गप्प बसायचं. दत्ताभाऊंना चांगलं समजत होतं. पण मोरू "एक वार" म्हणाला आणि त्यांच्या जिभेवर सत्तर आले. खरेखुरे आले! आता मंगळवारी दुपारी कुठं जायचं? कुणाला गाडीची वेळ सांगायची? पंखा त्यांना घरी न्यायचा नव्हता, त्याचं आता काही राहिलं नव्हतं. त्यांना ती देवीशेजारची हातभर जागा हवी होती, आणि ती अशी हवी होती की आजवर कुठली काठी हवी झाली नव्हती.

"दोन वार! कंट्रोलर?"

दत्ताभाऊंनी सत्तर गिळले. "नाय परवडत," ते म्हणाले.

"तीन वार!"

मग जो गलका उठला तो धरमतरच्या बंदरावर ऐकू गेला असेल. काशीबाईला गुलालानं न्हाऊ घातलं. महिपती कंत्राटदारसुद्धा गुप्ती काखेत मारून टाळ्या पिटत होता. ती गर्दीतून वाट काढत दत्ताभाऊंसमोर येऊन उभी राहिली. चेहरा गुलालानं माखलेला, त्यात डोळे नुसते चमकत होते. दत्ताभाऊ रुमाल शोधत होते, तो पायाखाली गेला होता.

"काय रं, हरलास म्हनून रडतोस?"

"व्हय," दत्ताभाऊ म्हणाले. खोटं बोलायला त्यांच्यात त्राणच नव्हतं.

काशीबाई खुशीत हसली. एवढी खुशीत तिला त्यांनी वर्षभरात पाहिली नव्हती. "मग पुढल्या साली जास्ती पैसं घेऊन ये," ती म्हणाली आणि पंखा घेऊन देवळात गेली. आरतीची वेळ झालीच होती.